हरणाच्या नाकाला फसवायला निघालेल्यांनो, आधी हे वाचा

"शिकारीला जाताना अंगाचा वास घालवायचे जुनेजाणते उपाय" या मथळ्याचा मेसेज सध्या खानापूर, बेळगाव, चंदगड असा सगळीकडं फिरतोय. कुणी लिहिला पत्ता नाही, पण खाली "जास्तीत जास्त शेअर करा" आहेच. माझ्या भाच्यानं तो मला पाठवून विचारलं, "मामा, एकदा कणकुंबीकडं जाऊया काय?" त्याच्याशी फोनवर बोललोच. पण त्याच्या ग्रुपमधली बाकीची पोरंही हेच वाचतायत, म्हणून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: अंगाला शेण-गोमूत्र फासा. सांबर-चितळ बसून गेलेल्या जागेवर लोळा. कपडे पाल्याच्या धुरावर धरा. माळ्यावर बसलात तर वास लागतच नाही. आणि शेतात आलेलं हरीण मारलं तर गुन्हा होत नाही.

सगळ्यात आधी ते लोळणं, कारण त्याच्याइतकं घातक दुसरं काही यात नाही. जनावर जिथं बसतं तिथल्या पाचोळ्यात गोचीड पडलेली असते. त्यातली लहान पिल्लं डोळ्याला दिसतील न दिसतील इतकी बारीक, ती कपड्याच्या शिवणीतून आत शिरतात आणि जांघेत, काखेत चिकटतात. क्यासनूरचा ताप, ज्याला आपल्याकडं माकडताप म्हणतात, तो याच गोचिडीतून येतो. 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात तो पहिल्यांदा ओळखला गेला. पुढं 2015 च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरीत आणि मग सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात रुग्ण सापडले. सत्तरी म्हणजे चोर्ला घाट उतरला की लागणारा तालुका, लांबचा मुलूख नव्हे. एकदम चढणारा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, काहींना हिरड्यांतून-नाकातून रक्त. यावर नेमकं औषध नाही, लक्षणं बघून उपचार करतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत याचा जोर असतो, आणि पोरं रानात जायचे बेत करतात तेही याच दिवसांत. जंगलात पाचोळ्यावर बसूसुद्धा नका असं आरोग्य खातं सांगतं, आणि हा मेसेज लोळायला सांगतो!

शेण-गोमूत्राचं म्हणाल तर त्यानं माणसाचा वास जात नाही, त्यात एक वास वाढतो, इतकंच. सुकी मासळी भाजलेल्या घरात उदबत्ती लावली तर पाहुण्याला उदबत्तीही कळते आणि मासळीही. आपल्या कातडीचे बारीक कण सतत झडत असतात, घामावर जंतू वाढतात, श्वास चालू असतो. अंगाला काय फासून हे थांबणार? अमेरिकेच्या कृषी खात्यातले संशोधक जॉन शिविक यांनी तर 2002 मध्ये वास शोषून घेणाऱ्या कार्बनच्या कपड्यांचीच परीक्षा घेतली. माणसं लपवली आणि शोधकुत्री सोडली. ते महागडे कपडे घातलेली माणसंही कुत्र्यांनी शोधून काढली. कुत्रं म्हणजे हरीण नव्हे, मान्य. पण हरणाचं जगणं-मरणंच नाकावर अवलंबून असतं, आणि तिथं तुम्ही शेणाचा लेप घेऊन निघालाय.

धुराचा उपाय वाचून तर डोकंच फिरलं. मार्च महिन्यात पानगळीच्या रानाशेजारी पाला पेटवायचा? 2023 च्या मार्चमध्ये शेजारच्या म्हादई अभयारण्यात दिवसेंदिवस वणवा धुमसत होता, तो विसरलात काय? बास.

माळ्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं कबूल करतो. उंचावर बसलं की वास काही वेळा डोक्यावरून निघून जातो. पण संध्याकाळी डोंगरउतार निवायला लागला की थंड हवा खाली ओघळते, आणि तुमचा वास घेऊनच उतरते. खरा खेळ वाऱ्याचा आहे. आमच्याकडचे गवळी धनगर चिमूटभर माती सोडून वारा बघतात. जनावर नुसतं डोळे भरून बघायचं असेल तर तेवढं पुरे. वारा तोंडावर घ्या आणि गप्प बसा.

आता शेवटचा मुद्दा, "शेतात आलं तर गुन्हा नाही." धडधडीत खोटं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नीट वाचा. मारणंच नव्हे, फास लावणं, हाकून घालणं, तसा नुसता प्रयत्न करणं, सगळं तिच्यात येतं. शेत स्वतःचं आहे म्हणून सूट मिळत नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबद्दल वनखात्याचे वरिष्ठ अधिकारी लेखी हुकूम काढू शकतात, हे खरं. पण तो हुकूम हातात असावा लागतो, मोबाईलवरचा मेसेज चालत नाही. आणि कणकुंबीकडं निघालेल्यांनी हेही ध्यानात ठेवावं की तिथं भीमगड अभयारण्य आहे, 2011 पासून. अभयारण्यात शिकार केली तर किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, वर दंड. बंदूक जाते, गाडीही जाते. ज्यांच्या घरात मटणाचा वाटा सापडतो त्यांनाही सोडत नाहीत.

पीक खरंच खाल्लं असेल तर नासाडीचे फोटो त्याच दिवशी काढा, उतारा घेऊन जवळच्या वनखात्याच्या कचेरीत जा, पंचनामा करून मागा आणि भरपाईचा अर्ज द्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.