मिंगुलेंचा पत्ता

अमेरिकेत सोळावं शतक शनिवार-रविवारी भरतं. सकाळी उघडतं, अंधार पडायच्या सुमाराला बंद होतं, आणि आत शिरायचं तिकीट मोबाइलवर दाखवावं लागतं. ह्याला रेनेसाँ फेअर म्हणतात. मोकळ्या रानात लाकडी गाव उभारलेलं, मधोमध भालेवाल्या घोडेस्वारांचं मैदान, कुठूनतरी राणी एलिझाबेथची स्वारी चाललेली आणि तिची प्रजा हातात टर्कीची अख्खी तंगडी घेऊन धुळीत उभी. टर्की हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. तो युरोपात पोचला तोच सोळाव्या शतकात, म्हणजे तेव्हाच्या गरीब प्रजेनं तो बघितला असता तर आधी घाबरली असती. पण इथं तंगडी चावल्याशिवाय इतिहास घशाखाली उतरत नाही.

तंगडीशी माझं भांडण नाही. माझी तक्रार गाण्यांबद्दल आहे.

ह्या जत्रांमध्ये गाणारे फार चांगले असतात, हीच खरी पंचाईत. वाईट गात असते तर माणूस विसरून गेला असता. आम्ही ज्या बाईंसमोर बसलो त्या हर्डी-गर्डी वाजवत होत्या. मांडीवर लाकडी पेटी, एका टोकाला हँडल. ते फिरवलं की आतलं चाक तारांवर घासतं आणि सतत सूर निघत राहतो. दोन गाण्यांच्या मध्ये बाई कमरेच्या बटव्यातून कापसाचा पुंजका काढायच्या, बोटांनी विंचरून त्याची पातळ पट्टी करायच्या आणि तारेला, जिथं चाक लागतं तिथं, गुंडाळायच्या. समईची वात वळावी इतक्या सवयीनं. शेजारी एक दाढीवाले गृहस्थ बोधरान नावाचा डफ बडवत होते. शेवटी त्यांनी एक होडीचं गाणं म्हटलं, सगळं प्रेक्षागृह, म्हणजे गवताचे भारे आणि त्यावर बसलेले आम्ही, धृवपदात सामील झालो, टाळ्यांच्या जागी 'हझा!' अशी आरोळी झाली, टोपी फिरली, आणि ते गाणं माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

मी उठून बाईंकडे गेलो. हे गाणं कुणाचं, म्हणून विचारलं.

"माझ्या आजीच्या आजीचं, महाराज."

तुम्ही नेटवर कुठं सापडाल?

"मी कोळ्याची पोर नाही, महाराज. मी जाळ्यात कशी सापडेन?"

हा ह्या लोकांचा धर्म. फाटकाच्या आत असेपर्यंत वेषही सोडायचा नाही आणि भाषाही. त्यांची निष्ठा मला मान्य आहे. पण समोरचा माणूस गाण्याचं नाव विचारतोय, राज्य मागत नाहीये. मग मी जत्रेच्या छापील नकाशाकडे वळलो. त्यात त्या मंचापुढे लिहिलं होतं: 'दुपारी अडीच. संगीत.' बस. शौचालयं मात्र एकूण एक दाखवलेली.

घरी आल्यावर शोध सुरू झाला. धृवपद मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेलं होतं. त्यात निम्मं घोडेस्वारांच्या मैदानातलं ओरडणं. गाणं ओळखणाऱ्या ॲपला ते ऐकवलं. ही ॲप गाणं ओळखत नाहीत, ध्वनिमुद्रण ओळखतात. प्रत्येक मुद्रणाचा अंगठ्यासारखा ठसा घेऊन ठेवलेला असतो, तोच जुळावा लागतो. गवताच्या भाऱ्यासमोर गायलेल्या गाण्याचा ठसा कुणाकडे असणार? मग आलं गुणगुणून शोधणं. ह्यात यंत्र चाल पकडतं म्हणतात. मी गुणगुणलो. यंत्रानं मला एक पंजाबी लग्नाचं गाणं दिलं. बायको आतून म्हणाली, "अरे, तुझ्या सुरावरून मलाही तेच वाटलं."

शब्दांवरून शोधावं तर धृवपदातला एकच शब्द नीट कळला होता, तो म्हणजे 'मिंगुले'. आता हे आडनाव मिरज-सांगलीकडचं नाही हे तुम्हीच सांगा. मी तसंच स्पेलिंग करून शोधलं. इंटरनेटनं थोडा विचार केला आणि मला एका वधू-वर सूचक मंडळाच्या दारात नेऊन सोडलं.

इथं शहाण्या माणसानं सोडून दिलं असतं. मी लोकगीतांच्या याद्यांमध्ये शिरलो. तिथं शिरलेला माणूस जेवायला वेळेवर येत नाही. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड ह्यांनी 1882 ते 1898 ह्या काळात इंग्लंड-स्कॉटलंडची 305 कथागीतं क्रमांक घालून छापली. एका गीताची दहा रूपं असली तर ती अ, ब, क करून सगळी. अजूनही जाणकार मंडळी 'बार्बरा ॲलन' न म्हणता 'चाइल्ड 84' म्हणतात, आणि समोरचा मान डोलावतो. पुढे स्टीव्ह राउड नावाच्या ग्रंथपालांनी सुमारे पंचवीस हजार गाण्यांची सूची केली. ती लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही चाळता येते. खुनी, बुडालेले खलाशी, फसवलेल्या मुली, फसवणाऱ्या मुली, सगळ्यांना क्रमांक. मिंगुले नाहीत.

अखेर बायकोनं पोळ्या लाटता लाटता विचारलं, "गाव असेल. नकाशात बघितलंस?"

बेट निघालं! स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीजच्या दक्षिण टोकाशी. तिथले उरलेसुरले रहिवासी 1912 मध्ये बेट सोडून गेले, तेव्हापासून ते ओसाड आहे. आणि आमचं होडीचं गाणं? चाल जुनी गेलिक. पण शब्द बसवले ग्लासगोच्या एका प्रसिद्ध गायकवृंदाचे संचालक ह्यू रॉबर्टन ह्यांनी, 1930 च्या दशकात. म्हणजे सगळे खलाशी जिवाच्या आकांतानं घराकडे वल्ही मारताहेत, आणि घरी पंचवीस वर्षांत कुणी नाही. बाईंच्या आजीच्या आजीनं हे म्हटलं असेल तर तिचं आयुष्य फारच मोठं.

मग मला चाळाच लागला. जत्रेत ऐकलेली बाकीची 'प्राचीन' गाणीही तपासली. थाइमच्या फुलांचं ते हळवं गाणं बेलफास्टच्या मॅकपीक कुटुंबाचं, 1957 चं. त्याच्या मागे पेझ्लीच्या रॉबर्ट टॅनाहिल ह्या विणकर कवीचं एक गीत आहे, पण तो तरी 1774 चा जन्म. 1778 सालच्या समुद्री लुटीचं ते दणदणीत गाणं कॅनडाच्या स्टॅन रॉजर्सनं 1976 च्या सुमाराला लिहिलेलं. वाद्यांची तीच तऱ्हा. पत्र्याची ती स्वस्त बासरी 1843 पासून इंग्लंडच्या कारखान्यातली. 'आयरिश' बुझुकी ग्रीसहून आयर्लंडला पोचली 1960 च्या दशकात. शंभर टक्के त्या शतकातलं म्हणावं असं गाणं 'ग्रीनस्लीव्ह्ज', त्याची नोंद 1580 ची आहे. ते मात्र त्या दिवशी कुणी वाजवलंच नाही.

ह्यात फसवणूक बिसवणूक नाही. ह्या जत्राच मुळी 1963 च्या. फिलिस आणि रॉन पॅटरसन ह्या दांपत्यानं लॉस एंजेलिसच्या केपीएफके रेडिओला निधी मिळावा म्हणून पहिली भरवली. त्या काळात अमेरिकेत गिटार धरता येणारा प्रत्येक जण लोकगीत शोधत होता. तेव्हा सोळाव्या शतकाच्या नावाखाली जे जमलं ते खरं साठच्या दशकाचं. मला ते चालतं. फक्त गाणाऱ्याचं नाव लपवायचं कारण कळत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां ह्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या; त्या आता 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर आहेत, तिथं ओवीखाली बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. ओवी कुणी रचली हे कुणालाच ठाऊक नाही, तरी गायली कुणी ते आहे. इथं नेमकं उलटं, रचणारा सापडला आणि गाणारी गायब.

आणि ही मंडळी एका जागी असतात कुठं? फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲरिझोना, एप्रिल-मेमध्ये डॅलसजवळ वॅक्सहाची, उन्हाळ्यात कोलोरॅडोतलं लार्क्सपर, मग मिनेसोटातलं शाकोपी, मग हिवाळ्याच्या तोंडाशी टेक्ससमधलं टॉड मिशन. बिऱ्हाड गाडीत. (टॉड मिशनच्या जत्रेचे संस्थापक त्या गावाचे महापौरही होते. जत्रेसाठी गाव ऐकलं होतं, गावाला जत्रेचा महापौर प्रथमच.) आपण नाव शोधेपर्यंत हे पुढच्या राज्यात. पेन आणि टेलर हे जादूगार 1975 मध्ये शाकोपीच्या जत्रेतूनच सुरू झाले, आज त्यांना लास व्हेगासमध्ये शोधणं सोपं आहे. माझ्या बाईंसाठी मात्र मला तोपर्यंत थांबवत नव्हतं.

शेवटी मी हे सगळं जेवताना बायकोला सांगत होतो. तिनं फोन उचलला, काहीतरी वर-खाली केलं आणि माझ्यापुढे धरला. टोपी फिरली तेव्हा माझ्याकडे सुटे नव्हते. तिनं टोपीच्या आतल्या अस्तराला चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पाच डॉलर पाठवले होते. पावतीवर बाईंचं खरं नाव होतं. आडनावासकट.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू नाव शोधतोयस हे कुठं माहीत होतं? मला वाटलं तू मिंगुले शोधतोयस."

नावावरून पान सापडलं, पानावर अल्बम सापडला, अल्बमात गाणं होतं. तो ऐकायला मात्र कुठंच नव्हता, फक्त सीडी, पोस्टानं. मागवली. आली. सुरेख कव्हर, आत कापसाचा पुंजका हातात धरलेला बाईंचा फोटो, गाण्याखाली रॉबर्टनसाहेबांचं नाव व्यवस्थित छापलेलं. आणि घरात सीडी लावायला लॅपटॉपला खाच नाही, टीव्हीला नाही, गाडीला नाही.

महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांकडे जुनी कॅमरी आहे, तिच्यात प्लेअर आहे, अशी बातमी लागली. सीडी घेऊन गेलो. काकांनी कौतुकानं दोन्ही बाजू बघितल्या, चष्मा लावून बाईंचं नाव वाचलं, गाडीत बसवलं, किल्ली फिरवली. डॅशबोर्डमधून खणखणीत अभंग सुरू झाला.

"काका, ही काढून ती लावू या ना."

"निघत नाही रे ती," काका म्हणाले. "गाडी घेतली तेव्हाच अडकलीये. पण आवाज बघ काय स्वच्छ आहे!"