जुन्या गेमची नवी वर्गणी

काहून बाप्पा, जुना कॉम्प्युटर गेम नवा करायचा म्हटलं की आधी आमच्याच खिशात हात? दारव्ह्यात बसून डॉलरमध्ये वर्गणी भरा, वरून बँक परदेशी व्यवहाराचं शुल्क कापते ते वेगळंच.

'सिस्टिम शॉक'चंच घ्या. मूळ गेम १९९४ चा. रिमेकसाठी २०१६ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करणाऱ्या वेबसाइटवर, तेरा लाख डॉलरच्या वर जमले, वायदा होता डिसेंबर २०१७ चा. २०१८ मध्ये मधेच काम थांबवलं, मग पुन्हा जुळवाजुळव, अन् गेम आला थेट मे २०२३ मध्ये. चांगला आला, नाही कोण म्हणतं! पण तोवर आमच्यासोबतचे पोट्टे बाप झाले ना राजेहो.

तो निदान आला तरी. मी पैसे अडकवलेल्या दुसऱ्या एकाचं तर नावच घेत नाही. अधूनमधून मेल येतो: नवं चित्र, नवं संगीत, टी-शर्टचा रंग कोणता पाहिजे ते सांगा. अन् गेम? कापसाचा चुकारा अडवणारा व्यापारीही इतक्या सबबी सांगत नाही. विचारलं तर उत्तर तयार, ही खरेदी नाही, पाठिंबा आहे म्हणे. मग मागताना 'आत्ताच बुक करा' कशाला म्हणता रे?