जरा मागे, जिजाजी

माझा मेहुणा पुण्याहून बडोद्याला आला तो एवढी मोठी बॅग घेऊन, की मला वाटलं राहायलाच आला. आत कपडे दोन जोड, लेन्सा चार. जुनं शहर, मधून नदी, आजूबाजूला गायकवाडांच्या इमारती. त्याला फोटोंची 'विश्वामित्री मालिका' करायची होती. "पहाटेचा उजेड वीस मिनिटंच टिकतो," असं सांगून त्याने जानेवारीच्या थंडीत मला सहाला उठवलं. हिने झोपेतच, "जा ना अहो, त्याला रस्ते माहीत नाहीत," म्हणून कूस बदलली.

आधी कीर्तिमंदिर झालं, 1936 चं. शिखरावर सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा. आत नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत असं मी म्हणालो, तर "आत उजेड नाही" म्हणून त्याने तो विषयच मिटवला. "जिजाजी, समोर उभे राहा. माणूस असला की इमारतीची उंची कळते." म्हणजे मी प्रमाण. दाराशी चपलांचं जे महत्त्व, तेच माझं. "जरा मागे. अजून जरा." मागे मोकळी फरशी होती, मी गेलो.

नंतर नदी. विश्वामित्री पावागडाहून निघते. नाव ऋषीचं, पण तिच्यात तपाला बसलेल्या असतात मगरी, आणि त्यांचा तप भंग करायला अप्सराही धजायची नाही. 2019 आणि 2024 च्या पुरात त्या थेट सोसायट्यांत आल्या होत्या. आम्हा बडोदेकर मराठ्यांची त्यातही एक पंचाईत आहे: घरात 'ती मगर' आणि दाराबाहेर गुजरातीत 'तो मगर'. अंगावर आली तर आधी लिंग ठरवायचं की आधी पळायचं?

काळ्या घोड्याच्या पुलाजवळून मेहुणा झपाझप उतारावर गेला. तिथे गुजराती पाटी होती. त्याने तिला ट्रायपॉड टेकवला आणि मोठ्याने पहिला शब्द वाचला. "मगर... मगर काय? वाक्य तरी पूर्ण करायचं!" पुण्यात मगर हिंदीतच असते, आणि तिच्यापुढे नेहमी स्वल्पविराम येतो.

मी अर्थ सांगितला. त्याने पाण्याकडे पाहिलं. "दिसत तर एकही नाही."

माझी तक्रार नेमकी तीच होती. गार रक्ताचं जनावर थंडीत पहाटे काठावर कशाला येईल? ऊन तापलं की वर येऊन पडतं. म्हणजे आत्ता सगळी मंडळी पाण्यात. पण मेहुण्याला हे पटायला माझ्या बोलण्यात लेन्स नव्हती.

"जिजाजी, त्या दगडापाशी. नदीची रुंदी कळत नाहीये. जरा मागे."

मी अर्धं पाऊल मागे सरकलो.

"जरा मागे."

मागे चिखल. चिखलामागे विश्वामित्री. इतक्यात काहीतरी डुबुक झालं. ते प्लॅस्टिकची पिशवी होती, बेडूक होता की अजून काही, मी वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर "हलू नका" ऐकावं लागलं असतं. लग्नात ह्याच्या आईवडिलांना वाकून नमस्कार केला होता, तेव्हा पाठीत जेवढी कळ आली नव्हती तेवढी ताठ उभं राहून आली.

पुलावरून एका स्कूटरवाल्या काकांनी ओरडून सांगितलं, "तडको थवा दो, पछी निकळशे!"

मेहुण्याचे डोळे चमकले. "तडका? इथे नाश्ता मिळतो?"

मी ती संधी सोडली नाही. तडको म्हणजे ऊन, हे मी त्याला सेव-उसळीची दुसरी प्लेट संपल्यावर सांगितलं. मग साडेनऊला आम्ही पुलावर आलो. चांगली दहा-बारा माणसं कठड्याला टेकून खाली बघत होती. वाळूवर एक मगर तोंड उघडं टाकून पडली होती. मेहुणा घाबरून म्हणाला, "चिडली वाटतं!" काका म्हणाले, "ना रे, एने गरमी लागे छे." उन्हात अंग तापू नये म्हणून ती जबडा उघडा ठेवते, आणि एकदा तसं ठरवलं की तासभर जांभई दिल्यासारखी पडून राहते. आमच्या ऑफिसात असे पुष्कळ आहेत.

"फारच लांब आहे," मेहुण्याने कॅमेरा खाली केला. "आणि आता उजेड कडक झाला." मग माझ्याकडे पाहिलं. मी कठडा दोन्ही हातांनी धरला.

संध्याकाळी त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर अठरा फोटो टाकले. अठराही ठिकाणी एका कोपऱ्यात मुंगीएवढा मी. पहिला प्रतिसाद सासूबाईंचा आला: "फोटो छान. जावईबापू फारच बारीक झालेत. बेबी, स्वयंपाकाकडे लक्ष दे."