पोरीनं विचारलं, तर म्हणे तक्ता पाठ कर

काल रात्री लातूरहून लेकीचा फोन आला. रडत होती. क्लासमध्ये वनस्पतींच्या जननेंद्रियांचा (नर ते अँथेरिडियम, मादी ते आर्किगोनियम) तक्ता चालू होता आणि तिनं हात वर केला. "सर, फर्नच्या पानामागचे तपकिरी ठिपके बीजाणूंचे आहेत, मग अँथेरिडियम आणि आर्किगोनियम असतात कुठं?" दोनशे पोरांसमोर उत्तर मिळालं, "तुला फर्न लावायचंय का डॉक्टर व्हायचंय? तक्ता पाठ कर!"

तक्ता पाठ कर? सोयाबीन विकून फी भरली ती हे ऐकायला? अहो, अख्ख्या धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला लेकरानं! ठिपक्यांतले बीजाणू ओल्या मातीत पडतात, त्यातून पत्त्यातल्या बदामासारखं, नखाएवढं हिरवं पातं उगवतं. नर-मादी दोन्ही इंद्रियं त्याच्या पोटाशी. पाण्याच्या पापुद्र्यातून शुक्रपेशी पोहत अंडपेशीपर्यंत जाते. झालं, दोन मिनिटं लागली. मी बॉटनी घेऊन बीएस्सी केली, मग शेतीत आलो, म्हणून रात्री अकराला फोनवर सांगू शकलो. ज्यांच्या घरी सांगणारं कुणी नाही, त्या लेकरांनी कुणाकडं जावं?

आणि तक्ता म्हणजे तरी काय? मॉसला (ओल्या भिंतीवरची हिरवी मखमल) दोन्ही आहेत, फर्नला दोन्ही आहेत, सायकसला (बागेतलं ताडासारखं दिसणारं झाड) आर्किगोनियम आहे, अँथेरिडियम नाही. कामून नाही? नराचं सगळं काम परागकणानं उचललं म्हणून! हे एक वाक्य बोललं की तक्ता पाठ करावाच लागत नाही. तेच कुणी बोलत नाही.

दहावीत शाळेनं काय दिवे लावले? पुनरुत्पादनाचा धडा आला की "हे घरी वाचा". फुलाच्या पुमंगाची, म्हणजे नर भागाचीसुद्धा लाज! तेव्हा कसंबसं मराठीत पाठ केलं, तर अकरावीला पुमंगाचं अँड्रोशियम, जायांगाचं, म्हणजे मादी भागाचं गायनोशियम, त्याच्या टोकाचं, कुक्षीचं स्टिग्मा. पोरं वर्षभर नावंच बदलत बसतात.

नर्सरीवाला तर त्याहून वर. देशी पपईची रोपं दिली, वर "सगळ्या माद्या आहेत" म्हणून छाती ठोकली. फूल येईस्तोवर नर-मादी कळत नाही, हे त्याला माहीत नव्हतं? निम्मी झाडं नर निघाली. माझ्या हातानं तोडली.

चीड येते ती ह्याची, की हा धडा आमच्या बांधाआत उभा आहे. मक्याचा तुरा नर, कणसाचे केस मादी, एकेका केसाखाली एकेक दाणा. भुईमुगाचं फूल सुकलं की सुईसारख्या आऱ्या जमिनीत घुसतात, शेंग तिथं धरते. उंबराची फुलं फळाच्या आतच. माझी आई शाळेत गेली नाही, पण भोपळ्याचं मादी फूल देठाजवळच्या बोंडीवरून ओळखते आणि सकाळी नर फूल तोडून त्यावर फिरवते. पाऊस पडला की विहिरीच्या कठड्यावर मॉस हिरवंगार होतं. एकदा तरी न्या की लेकरांना!

येत्या रविवारी त्याच तक्त्यावर टेस्ट आहे. पोरगी म्हणाली, "आप्पा, आता मी हात वर करणार नाही."