रुमालावरचं गंध

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस एकच विषय चाललाय. एका राष्ट्रीय नेत्याचा पूजा करतानाचा फोटो कुणीतरी टाकला आणि लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, हा खरा भक्त. दुसऱ्याचं म्हणणं, सगळं मतांसाठी. नाव मी लिहीत नाही. नाव आलं की माणसं पुढचं वाचतच नाहीत.

मी देव मानते. जमेल त्या सोमवारी कौपिनेश्वराच्या शिवमंदिरात जाते. तिथल्या त्या भल्यामोठ्या पिंडीसमोर उभं राहिलं की अजूनही मन निवतं. त्यामुळे कुणी हात जोडले म्हणून मला खुपत नाही. पण कुणाची भक्ती किती खरी, हे आपण ठाण्यात बसून मोबाइलवर कसं ठरवणार? शेजारच्याचं मन कळत नाही, तर दिल्लीतल्याचं काय कळणार!

माझे बाबा कोर्टनाक्याजवळ एका सरकारी कचेरीत कारकून होते. श्रावणी सोमवारी पहाटे जांभळी नाक्यावर बेल घ्यायचे, दर्शन घ्यायचे आणि तिथूनच चालत कामाला जायचे. कचेरीच्या आवारात एक नळ होता. तिथे रुमाल ओला करून कपाळावरचं गंध पुसायचे आणि मगच खिडकीवर बसायचे. सगळ्या रुमालांना केशरी डाग पडलेले. आई धुताना करवादायची, की देवाचं गंध पुसायचं असतं का कधी? मी दहावीत असताना त्यांना विचारलं, "बाबा, लाज वाटते का तुम्हाला?" ते म्हणाले, "लाज कसली? पण खिडकीपलीकडच्या माणसाला असं वाटायला नको, की याच्या देवाचा असलो तरच माझा कागद पुढे सरकेल."

मंत्र्यांच्या शपथेचा मराठी मजकूर वाचला तेव्हा मला तो नळ आठवला. ईश्वरसाक्ष शपथ घ्या नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करा, राज्यघटनेने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. त्यापुढचं मात्र सगळ्यांना सारखंच: "कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता" न्याय्य वागणूक देईन. नेत्याचा देव कोणता, हे तिथे कुणी विचारत नाही. खिडकीपलीकडच्याचं काय, एवढंच विचारलेलं आहे.

गुजरातमधलं सोमनाथाचं मंदिर नव्याने बांधलं, ती गोष्ट ग्रुपवर हमखास निघते आणि हमखास अर्धीच सांगितली जाते. ११ मे १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी तिथे ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठापना केली. राष्ट्रपतींनी जाऊ नये असं नेहरूंचं मत होतं, तरी ते गेले. मंदिराच्या उभारणीत पुढे असलेले तेव्हाचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी लिहून ठेवलंय, की मशिदीचं किंवा चर्चचं बोलावणं आलं तरी आपण असेच जाऊ, असं राजेंद्रबाबूंचं उत्तर होतं. मला हे उत्तर पटतं. सरकार एका धर्माशी जोडलेलं दिसू नये, ही नेहरूंची काळजीही पटते. त्याआधी, नोव्हेंबर १९४७ मध्ये, गांधींनी बजावलं होतं की मंदिर बांधा, पण सरकारी तिजोरीतून नको, लोकांच्या वर्गणीतून बांधा. हे रामनाम जपणारा माणूस म्हणत होता!

गांधींच्या श्रद्धेवर मी बरेच दिवस विचार करते आहे. १९४७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतल्या सफाई कामगारांच्या वस्तीत त्यांची सायंप्रार्थना व्हायची. तीत कुराणातल्या आयतीही म्हटल्या जायच्या. त्यावर काहींनी हरकत घेतली. गांधी जमलेल्यांना विचारायचे, कुणाचा विरोध आहे का? एकानेही हात वर केला तर त्या दिवशीची प्रार्थना बंद. आयती गाळून बाकीची म्हणू, असं नाही. म्हटली तर सगळी, नाहीतर काहीच नाही. समोर शेकडो माणसं ऐकायला बसलेली असताना एका हातासाठी आपली रोजची प्रार्थना सोडायची! ही श्रद्धा मला फोटोत दिसत नाही. त्या सोडण्यात दिसते.

आणि तरी त्यांचंही सगळं मला पटत नाही. १९३८ मध्ये ओडिशात डेलांगला गांधी आणि त्यांचे सहकारी जमले असताना कस्तुरबा आणि गांधींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या पत्नी दुर्गाबेन पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेल्या. त्या मंदिरात तेव्हा हरिजनांना प्रवेश नव्हता. गांधी इतके दुखावले की त्यांचा रक्तदाब वाढला. आपणच यांना नीट शिकवलं नाही, असा दोष त्यांनी स्वतःला दिला. अस्पृश्यांना जे दार बंद, ते मलाही बंद, हा त्यांचा नेम फार मोठा होता. पण त्या दोघींना जगन्नाथाचं दर्शन घ्यावंसं वाटलं, त्याचं काय? हे प्रकरण वाचलं की मी कस्तुरबांपाशीच अडकते. नवरा राष्ट्राचा नेता, म्हणून बायकोने कोणत्या देवापुढे उभं राहायचं हेही त्याच्या नेमाने ठरायचं का? माझ्या बाबांनी स्वतःचं गंध पुसलं. आईला कुंकू लहान लाव, असंही कधी म्हणाले नाहीत.

नेहरूंनी २१ जून १९५४ च्या मृत्युपत्रात लिहिलं, की माझ्यासाठी धार्मिक विधी करू नका. मूठभर रक्षा मात्र प्रयागला गंगेत सोडा, त्यात धार्मिक अर्थ काही नाही, लहानपणापासून या नदीवर जीव आहे म्हणून. १९६४ मध्ये ते गेले तेव्हा विधी झालेच. न मानणाऱ्या माणसाला शेवटी तेवढंही मिळालं नाही, याचं मला आस्तिक असून वाईट वाटतं.

ग्रुपवर दोन्ही बाजूंनी मला विचारलंय, तुम्ही कुणाच्या बाजूने? तो फोटो खरा की खोटा, यावर मी काही लिहिणार नाही. पुढच्या निवडणुकीत कुणी उमेदवार मत मागायला आमच्या जिन्यात आला, तर त्याला एवढंच विचारीन: तुमच्या देवाला न मानणारा माणूस काम घेऊन तुमच्या दारी आला होता का? शेवटचा कधी आला, आणि त्याच्या कामाचं काय झालं?