टूर्निकेट बांधला की पाय गेलाच?

आत्याचा नातू लष्करात आहे. तो सुट्टीवर धनकवडीला आला, तेव्हा आत्याने त्याला फर्मावले की, किटमधला तो काळा पट्टा (टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी जखमेच्या वर हातापायावर आवळून बांधायचा पट्टा) आधी काढून टाक. त्याने समजावले, पण ती ऐकेना, आणि मग मी प्रथमोपचाराचे वर्ग घेतो म्हणून फोन मला आला. या फर्मानाचे मूळ ‘रणांगणावर प्राण वाचवणारी चार सूत्रे’ या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात होते. खाली सही ‘पुण्यातील एक निवृत्त मिलिटरी डॉक्टर’ अशी. नाव अर्थातच नाही.

पहिले सूत्र असे: ‘टूर्निकेट बांधला की पाय कापावाच लागतो, विश्वास नसेल तर वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात जाऊन पाहा, बांधलाच तर दर पंधरा मिनिटांनी सैल करा.’ 1944 पासून जवानांना पुन्हा उभे करणाऱ्या केंद्राला असे साक्षीला ओढलेले पाहून माझा संयम सुटला. सुरुंगावर पाय पडला की पाऊल त्या क्षणीच जाते, आणि उरलेल्या भागातून रक्त वाहून माणूस जाऊ नये म्हणून वर पट्टा आवळला जातो. पाय गेला म्हणून पट्टा बांधला, हे ‘पट्टा बांधला म्हणून पाय गेला’ असे फिरवणे म्हणजे आग लागते तिथे बंब दिसतो म्हणून बंबालाच आगलाव्या ठरवण्यासारखे आहे.

याची तपासणी झालेली आहे. बगदादमधील अमेरिकी लष्करी रुग्णालयात आलेल्या, टूर्निकेट बांधलेल्या 232 जखमींचा अभ्यास 2009 मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाला. रक्तस्रावाने शरीर शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेत, जाण्यापूर्वी ज्यांना पट्टा बांधला गेला, त्यांतले 90 टक्के जगले. शॉकनंतर बांधला गेला, त्यांतले 10 टक्के. केवळ टूर्निकेटमुळे हात किंवा पाय कापावा लागल्याचे एकही उदाहरण त्यात आढळले नाही. चार जणांच्या नसांवर परिणाम झाला, तोही तात्पुरता.

सैल करण्याचा सल्ला तर सरळ जीवघेणा आहे. जुन्या प्रथमोपचार पुस्तकांत तो असे, हे मान्य. पण दर वेळी सैल केल्यावर थोडे रक्त जाते, नुकती धरलेली गुठळी सुटते, आणि जखमी माणूस हप्त्याहप्त्याने मरतो. नातवाने आत्यासमोर स्वतःच्या मांडीवर पट्टा बांधून दाखवला. पट्टा पिळून आवळणाऱ्या दांडीचा तिसरा फेरा पडला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, तशी आत्या ओरडली, “अरे, सोड ते!” नेमके हेच होते. नीट बांधलेला पट्टा असह्य दुखतो, जखमी सैनिक ‘सोडा’ म्हणून विनवतो, आणि असा संदेश वाचलेला सोबती दया येऊन तो सोडतो.

या सूत्रात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. दोन तासांपर्यंत बांधलेला पट्टा सहसा अपाय करत नाही, मात्र त्यानंतर धोका चढत जातो. युक्रेनमध्ये ड्रोनच्या भीतीने जखमींना मागे न्यायला कित्येक तास लागतात, आणि तिथे पट्टा फार वेळ राहिल्यामुळे हातपाय गमावल्याची उदाहरणे खरी आहेत. म्हणूनच बांधल्याची वेळ पट्ट्यावर लिहितात, आणि प्रशिक्षित माणूस जखम पुन्हा तपासून, शॉक नसेल आणि नजर ठेवता येत असेल तर, दाबपट्टीवर भागते का ते पाहतो. घड्याळ लावून सैल करणे ते हे नव्हे.

दुसरे सूत्र, जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरा. धमनीतून उसळणारे रक्त पूड वाहून नेते आणि उरलेली खरवडत बसण्याचे काम सर्जनला लागते. रक्त थांबवण्यासाठी मुद्दाम तयार केलेले दाणेदार औषधही लष्करांनी वापरून पाहिले होते. ते उष्णतेने भाजते असे दिसल्यावर त्याची जागा केओलिन, म्हणजे एक प्रकारची पांढरी माती, लावलेल्या गॉजने घेतली. तो गॉज जखमेत ठासून किमान तीन मिनिटे दाबून धरावा लागतो. शिंपडून काही होत नाही.

तिसरे, गोळी तिथल्या तिथे काढा. हे सिनेमात ठीक. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना 1881 मध्ये गोळी लागल्यावर डॉक्टरांनी न धुतलेली बोटे घालून ती शोधली, ती सापडली नाहीच, आणि अकरा आठवड्यांनी ते संसर्गाने गेले.

चौथे, भरपूर पाणी पाजा. शुद्धीवर असलेल्या आणि गिळता येणाऱ्याला घोटभर पाणी चालते. बेशुद्धाच्या तोंडात ओतले तर ते फुप्फुसात जाते. गेलेले रक्त पाण्याने भरून निघत नाही.

पट्टा किटमध्ये परत गेला आहे. संदेशाच्या शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’ असे होते, आणि आत्याने तो सोळा जणांना पाठवला होता. त्यांतल्या दोन घरांतली मुले सध्या सीमेवर आहेत. त्या घरांना मी काल स्वतः फोन केले.