ग्राफिक कार्ड का दिलं नाही, आणि माझं काय चुकलं

नमस्कार साहेब,

आमच्या दुकानातून नेलेल्या कॉम्प्युटरबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा रात्रीच वाचला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून आधी तुमच्या बिलाची स्थळप्रत काढली, मशीन कोणी जोडलं ते विचारलं, आणि आज लिहितोय.

तुम्ही दोन तारे दिलेत आणि चार तक्रारी. लेकीच्या डिझाइनच्या कामासाठी ५०,००० रुपये मोजले आणि आत ग्राफिक कार्डच नाही. तेवढ्याच पैशांत दुसरीकडे ४ जीबीचं कार्ड आणि २७ इंची मॉनिटर मिळत होता. रॅम १६ जीबी सांगितली, विंडोज १३.९ दाखवतंय. आणि फोटोशॉप अडकतंय. शेवटी ‘सदाशिव पेठेत दुसरं काय होणार’ असंही लिहिलंय. तेवढं सोडून बाकी सगळ्याला उत्तर देतो.

तुमच्या भाच्याने साइडचं झाकण उघडून पाहिलं आणि कार्ड दिसलं नाही. बरोबर आहे, ते नाहीच. प्रोसेसर रायझेन ५ ५६००जी आहे, आणि त्यातल्या ‘जी’चा अर्थच हा की ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग, प्रोसेसरच्या पोटातच आहे. म्हणून मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला लागते. लेकीचं आजचं काम कोरल, फोटोशॉप आणि थोडं इलस्ट्रेटर. या तिन्हींचा बहुतेक भार प्रोसेसर आणि रॅम उचलतात. कार्डाची खरी गरज थ्रीडीला, व्हिडिओला आणि फोटोशॉपमधल्या काही मोजक्या फिल्टरना.

दुसऱ्या दुकानाचं कोटेशन तुम्ही मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. त्यात कार्ड होतं जीटी ७३०, ४ जीबी, डीडीआर३ म्हणजे जुनी, संथ मेमरी. हे मॉडेल २०१४ सालचं आहे. त्या पिढीच्या डेस्कटॉप कार्डांसाठी नेहमीचे नवे ड्रायव्हर काढणं कंपनीने २०२१ मध्येच थांबवलं. आजचं फोटोशॉप ग्राफिक्सकडून डायरेक्टएक्स १२ ची (विंडोजचे प्रोग्रॅम ग्राफिक्सशी जिच्यातून बोलतात ती व्यवस्था) जी पातळी मागतं, ती या कार्डात नाही. म्हणजे ४ जीबी नुसते डब्यावर लिहिलेले. टाकी गच्चीएवढी आणि नळाला करंगळीएवढी धार. पुण्यात राहणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्या कार्डापेक्षा उजवं आहे. असं कार्ड लावून बिल फुगवणं मला सोपं होतं, तुम्हीही खूश झाला असतात.

ते पैसे तुमच्या २४ इंची आयपीएस मॉनिटरमध्ये घातले. २७ इंचीत फुल एचडी म्हणजे तेवढेच पिक्सेल मोठ्या काचेवर ताणलेले. २४ इंचीत एका इंचात साधारण ९२ बसतात, २७ मध्ये ८१-८२. आणि कोटेशनमधला २७ इंची टीएन पॅनलचा होता. मान जरा खाली केली की त्यावर रंग बदलतो. पत्रिका छापून आल्यावर ‘स्क्रीनवर तर हा मरून होता’ हे वाक्य आमच्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. आयपीएस पॅनल घेतल्याने छपाईचे सगळे वाद मिटत नाहीत, स्क्रीनचा आरजीबी (प्रकाशाचे तीन रंग) आणि प्रेसचा सीएमवायके (शाईचे चार रंग) वेगळेच राहणार. पण निदान स्क्रीन तरी खोटं बोलत नाही. दोन्ही पॅनल शेजारी ठेवून लेकीला दाखवले होते. तिने अर्ध्या मिनिटात निवडला. तुम्ही तेव्हा बाहेर गाडी काढायला गेला होतात.

१३.९ चं कारण साधं आहे. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. फोटोशॉपला किमान दीड जीबी ग्राफिक मेमरी लागते, म्हणून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) २ जीबी मी मुद्दाम राखून ठेवले. रॅम १६ चीच आहे. पण हे मी तुम्हाला मशीन नेतानाच सांगायला हवं होतं. घरी जाऊन आकडा कमी दिसला की कोणालाही फसल्यासारखं वाटणार.

आता खरी चूक, जी तुमच्या रिव्ह्यूत नाही. स्थळप्रतीवर रॅमच्या ८ अधिक ८ जीबी अशा दोन स्टिक लिहिल्या आहेत. मशीनमध्ये १६ ची एकच गेली. त्या दिवशी ८ च्या संपल्या होत्या, आणि दुकानातल्या मुलाला वाटलं बेरीज तीच. बेरीज तीच, पण दोन स्टिक असल्या की रॅमचे दोन्ही मार्ग चालू राहतात. ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगणाऱ्या मशीनमध्ये एकच स्टिक म्हणजे अर्धा रस्ता बंद. याला सबब नाही. मशीन देताना मी स्वतः तपासलं नाही.

मात्र फोटोशॉप अडकण्याचं मोठं कारण वेगळं आहे. काल लेकीच्या परवानगीने एनीडेस्कवरून, म्हणजे इथूनच तिची स्क्रीन उघडून, फाइल पाहिली. मंडळाचा १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स, खऱ्या मापात, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके). म्हणजे ३६,००० बाय २८,८०० पिक्सेल. सीएमवायकेमध्ये भरलेला एक लेयर जवळपास ४ जीबी, आणि तिचे अकरा लेयर. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल ३०,००० पिक्सेलपुढे जातच नाही, म्हणून फोटोशॉपने तिला पीएसबी या मोठ्या फाइलींच्या प्रकारात सेव्ह करायला लावलं होतं. तिला वाटलं काहीतरी बिघडलंय. एवढी फाइल रॅममध्ये मावत नाही, ती एसएसडीवर (साठवणीच्या डिस्कवर) सांडते, आणि मग सगळं गोगलगायीसारखं. चौकातला फ्लेक्स कोणी नाक लावून पाहत नाही. ७२ डीपीआयला तोच लेयर २४० एमबीच्या आत येतो. तिला तिथेच करून दाखवलं, फाइल मिनिटभरात उघडली. मुलीला दोष नाही, कॉलेजात पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी ३०० शिकवतात, ते तिथे बरोबरच आहे.

पुढे ती ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकणार म्हणाली. तेव्हा कार्ड लागेल, आणि ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) त्याच्यासाठीच घातलाय. तुम्ही त्यालाही ‘उगाच महाग’ म्हटलं होतं. फक्त तेव्हा घाईने आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड घेऊ नका. ते प्रोसेसरशी चारच लेनवर (मार्गांवर) बोलतं आणि तुमचा प्रोसेसर पीसीआयई ३ या जुन्या जोडणीचा, त्या मार्गांचा निम्मा वेग वाटेतच जाईल.

रॅमचं असं करू. १६ ची स्टिक परत घेऊन ८ च्या दोन बसवून देतो, एक पैसाही नाही. किंवा आहे ती राहू द्या, जोडीला दुसरी १६ ची खरेदीच्या भावात देतो, मग एकूण ३२ होतील. तिचं काम पाहता मी दुसरं सुचवेन, पण ठरवा तुम्ही. तारे बदलावेत असं माझं म्हणणं नाही.

शनिवारी अकरानंतर या. मॉनिटर आणू नका, नुसतं कॅबिनेट पुरे, आणि लेकीला सोबत आणा. गाडी लावताना सम-विषम तारखेची पाटी तेवढी बघा, मागच्या वेळी तुम्ही चुकीच्या बाजूला लावली होती.